निर्वासितांचा बिशप : यान आमोस कमेनियस

संडे स्कूलच्या वर्गात शिक्षिका चित्र उभे करते, त्यावर बोट ठेवते आणि मुलांकडून त्या वस्तूचे नाव वदवून घेते. ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणी तरी प्रथम सुरू केली असेल हे आपल्या मनातही येत नाही. मुलांच्या हाती द्यावयाचे, पानोपानी चित्रे असलेले आणि युरोपभर गाजलेले पहिले पाठ्यपुस्तक १६५८ साली जर्मनीतील नुरेंबर्ग शहरी छापले गेले. त्याचे कर्ते ख्रिस्ती पाळक होते, आणि ज्या मंडळीचे ते बिशप होते त्या मंडळीला तिच्या स्वतःच्या देशात एकही उपासना मंदिर उरले नव्हते. त्यांचे नाव यान आमोस कोमेन्स्की. विद्वानांच्या लॅटिन भाषेत त्यांना कमेनियस म्हणत, आणि जग त्यांना त्याच नावाने ओळखते.

शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत कमेनियस ह्यांच्याविषयी दोन-चार ओळी हमखास असतात. बी. एड. झालेल्या आपल्या पुष्कळ बंधुभगिनींनी त्या पाठही केल्या असतील. परंतु त्या ओळींत शिक्षक तेवढा दिसतो, बिशप दिसत नाही. ज्या भूमीतून त्यांना जावे लागले तिला आज चेक प्रजासत्ताक म्हणतात. १९४८ पासून १९८९ पर्यंत तेथे कम्युनिस्टांचे राज्य होते, आणि धर्म न मानणाऱ्यांची संख्या फार मोठी असलेल्या देशांत आज त्याची गणना होते. ते असे का झाले, आणि त्याच देशाच्या एका भागात देवळे भरलेली व दुसऱ्या भागात ओस का, हे समजण्यास ह्या एका माणसाचे चरित्र फार उपयोगी पडते.

कमेनियस ह्यांचा जन्म २८ मार्च १५९२ रोजी मोराव्हियाच्या आग्नेय कोपऱ्यात, उहेर्स्की ब्रोद ह्या गावच्या परिसरात झाला. नेमके गाव कोणते ह्यावर तेथे अजून वाद आहे. तीन गावे त्यांच्यावर हक्क सांगतात, आणि थोर पुरुषांच्या बाबतीत हे आपल्याकडेही काही नवे नाही. आईवडील बंधुमंडळीचे सभासद होते. ही मंडळी म्हणजे यान हुस ह्यांच्या चळवळीचे एक लहानसे फळ. हुस ह्यांना ६ जुलै १४१५ रोजी कॉन्स्टन्स येथे जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या अनुयायांनी प्रभुभोजनाचा प्याला सामान्य सभासदांनाही मिळाला पाहिजे असा आग्रह धरला आणि त्यापायी लढाया केल्या. त्यांतल्याच काही शांतताप्रिय लोकांनी तलवार बाजूला ठेवून १४५७ साली बोहेमियातील कुनवाल्द खेड्यात वेगळी संगत उभी केली. डोंगरावरील प्रवचन हाच त्यांचा नियम. मार्टिन लूथर ह्यांचा जन्म होण्यापूर्वी सव्वीस वर्षे ही मंडळी अस्तित्वात होती, हे आपल्या शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावे.

कमेनियस जन्मले तेव्हाचा मोराव्हिया त्या काळच्या युरोपात अपवादच म्हणावा लागेल. तेथे कॅथलिक होते, प्याल्याचे पक्षपाती होते, लूथरन होते, कॅल्व्हिनच्या मताचे होते, बंधुमंडळी होती. प्रौढांनाच बाप्तिस्मा देणारे आणि सर्व मालमत्ता समाईक ठेवणारे हटराइट दक्षिणेकडील द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात वस्ती करून होते. मिकुलोव शहरात यहूदी लोकांची मोठी वस्ती आणि त्यांचे नामांकित रब्बी होते. ही विविधता कोणा एका राजाच्या उदार मनाने आलेली नव्हती. हाब्सबुर्ग बादशहा कॅथलिक होता आणि त्याला ती मुळीच आवडत नसे. पण जमिनी सरदारांच्या ताब्यात होत्या. प्रत्येक सरदार आपल्या जहागिरीत आपल्या पसंतीच्या उपासकांना आसरा देई, आणि शेजारच्या जहागिरीत डोकावत नसे. त्यामुळे दोन कोसांवर उपासना बदले. बंधुमंडळीवर बोहेमियात राजाज्ञेने बंदी असतानाही मोराव्हियात झेरोतीन घराण्याच्या आश्रयाने क्रालित्से गावी तिचा छापखाना चालला, आणि तेथे १५७९ पासून चेक भाषेतील पवित्र शास्त्राचे सहा खंड निघाले. मूळ इब्री व ग्रीकवरून केलेले हे भाषांतर चेक लोकांना भाषेचा नमुना म्हणून आजही वंद्य आहे.

ह्या व्यवस्थेत एक उणीव होती, आणि पुढे तीच घातक ठरली. उपासनेची मोकळीक माणसाच्या हक्काची नव्हती, ती सरदाराच्या मर्जीची होती. सरदार गेला की मोकळीक गेली.

बाराव्या वर्षाच्या सुमारास कमेनियस ह्यांचे आईवडील व दोन बहिणी वारल्या. स्त्राझ्नित्से गावी आत्याने त्यांना जवळ केले. १६०५ साली हंगेरीकडून आलेल्या सैन्याने तेही गाव जाळले. शाळेची घडी त्यामुळे बसलीच नाही. लॅटिन शिकण्यासाठी प्रशेरोव येथील बंधुमंडळीच्या शाळेत ते दाखल झाले तेव्हा सोळा वर्षांचे होते, इतर मुलांपेक्षा बरेच थोराड. अर्थ न सांगता व्याकरण घोकून घ्यावयाचे आणि चुकले की छडी, हा त्या काळच्या शाळांचा खाक्या. शिक्षणाविषयी त्यांनी पुढे जे जे लिहिले त्याचे मूळ ह्या उशिरा वर्गात बसलेल्या मुलाच्या त्रासात आहे, असे मला वाटते. लहानपणी शाळा सुरळीत मिळालेल्या माणसाला शाळेचे दोष इतके दिसत नाहीत.

मंडळीने त्यांची हुशारी पाहून त्यांना जर्मनीत हेरबोर्न व हायडेलबर्ग येथे धर्मशास्त्र शिकण्यास पाठविले. परत येऊन त्यांनी प्रशेरोवच्या शाळेत शिकविले. १६१६ साली त्यांची पाळकपदाची दीक्षा झाली, आणि १६१८ साली फुल्नेक ह्या मोराव्हियातील गावी ते पाळक व शाळेचे प्रमुख म्हणून गेले. त्याच वर्षी माग्दालेना ह्या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. फुल्नेकची मंडळी बहुतांशी जर्मन बोलणारी, पाळक चेक. तीन वर्षे कशी गेली ते कळले नाही, असे सुखाचे दिवस त्यांच्या सबंध आयुष्यात हेच.

१६१८ च्याच मे महिन्यात प्रागच्या किल्ल्यात प्रॉटेस्टंट सरदारांनी बादशहाच्या दोन प्रतिनिधींना खिडकीतून बाहेर फेकले आणि बंड पुकारले. त्यातून जे युद्ध पेटले ते तीस वर्षे विझले नाही. बंडवाल्यांचा मात्र निकाल लवकर लागला. ८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागजवळ पांढऱ्या टेकडीवर दोनेक तासांच्या लढाईत त्यांचा धुव्वा उडाला. पुढच्या वर्षी २१ जूनला प्रागच्या जुन्या शहराच्या चौकात सत्तावीस पुढाऱ्यांना देहदंड झाला. प्रॉटेस्टंट पाळकांवर हद्दपारीचे हुकूम सुटले. फुल्नेक गाव बादशहाच्या फौजेतील स्पॅनिश शिपायांनी लुटले. कमेनियस ह्यांना तरुण पत्नी व मुले मागे ठेवून लपावे लागले. १६२२ साली प्लेगाच्या साथीत माग्दालेना व दोन्ही लेकरे दगावली. त्यानंतरच्या वर्षी फुल्नेकच्या चौकात त्यांची पुस्तके जाळण्यात आली.

वय अवघे एकतीस. कारेल झेरोतीन ह्या वृद्ध सरदाराने त्यांना आपल्या जहागिरीत आश्रय दिला होता. तेथे त्यांनी चेक भाषेत एक रूपक लिहिले : एक यात्रेकरू जगाच्या चक्रव्यूहात सर्व धंदे, विद्या, राजदरबार आणि देवळेही पाहत फिरतो, सर्वत्र ढोंग पाहून निराश होतो, आणि शेवटी स्वतःच्या अंतःकरणाच्या खोलीत ख्रिस्त त्याला भेटतो. हा ग्रंथ चेक वाङ्मयातील उत्तम गद्य म्हणून आजही वाचला जातो. आपण ‘यात्रेकरूचा प्रवास’ वाचलेले लोक. बन्यन साहेबांच्या त्या पुस्तकाच्या पन्नासहून अधिक वर्षे आधीचा हा यात्रेकरू आहे.

झेरोतीनही फार काळ कोणाला वाचवू शकले नाहीत. १६२७ साली बोहेमियासाठी आणि १६२८ साली मोराव्हियासाठी बादशहाने नवा राज्यकायदा जारी केला. त्याप्रमाणे कॅथलिक धर्म हाच एकमेव धर्म ठरला. सरदार व शहरवासी ह्यांना दोन वाटा होत्या : धर्म बदलावा किंवा देश सोडावा. जमिनीला बांधलेल्या कुळांना दुसरी वाटही नव्हती. हटराइटांना त्याआधी, १६२२ मध्येच, मोराव्हियातून हाकलले होते. यहूदी लोक तेवढे राहिले, कर भरून आणि बंधने सोसून. ज्या भूमीत दोन कोसांवर उपासना बदलत असे ती एका पिढीत कागदोपत्री एकधर्मी झाली.

१६२८ च्या फेब्रुवारीत, भर थंडीत, कमेनियस ह्यांनी आपली दुसरी पत्नी मारिया दोरोता व मंडळीतील काही कुटुंबे ह्यांसह डोंगर ओलांडून पोलंडमधील लेश्नो गाव गाठले. सीमेवर त्यांनी गुडघे टेकले आणि ह्या देशात सुवार्तेचे बीज जिवंत राहो अशी प्रार्थना केली, असे चेक मंडळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. त्यानंतर बेचाळीस वर्षे ते जगले. मोराव्हियात स्थायिक होण्याचे भाग्य त्यांना पुन्हा लाभले नाही.

लेश्नो येथे ते शाळेत शिकवीत. आपण लवकरच घरी जाणार ही त्यांची खात्री होती, आणि घरी गेल्यावर उद्‌ध्वस्त शाळा नव्याने कशा उभाराव्यात ह्याचा आराखडा म्हणून त्यांनी ‘महान अध्यापनशास्त्र’ हा ग्रंथ प्रथम चेक भाषेत लिहावयास घेतला. जगाने शिक्षणशास्त्राचा पाया म्हणून डोक्यावर घेतलेला ग्रंथ मुळात परतीच्या प्रवासाची तयारी होती. सर्व मुलांना शिकवा. मुलांबरोबर मुलींनाही, श्रीमंतांबरोबर गरिबांनाही. आधी मातृभाषेतून, आधी वस्तू मग शब्द, आणि मार न देता, हे त्यातील सार. आईच्या मांडीवर सहा वर्षांपर्यंत मूल काय शिकते ह्यावर त्यांनी एक निराळे पुस्तक लिहिले. १६३१ साली निघालेल्या त्यांच्या लॅटिनच्या नव्या क्रमिक पुस्तकाने तर त्यांना एकदम प्रसिद्ध केले. त्याची भाषांतरे युरोपातील बहुतेक भाषांत व आशियातील काही भाषांतही झाली. १६३२ साली मंडळीने त्यांना आपल्या बिशपांपैकी एक म्हणून निवडले.

१६४१ साली लंडनहून मित्रांनी बोलावले, तेथे राजा व पार्लमेंट ह्यांच्यात युद्ध जुंपले. नंतर सहा वर्षे एल्ब्लाँग शहरी राहून त्यांनी स्वीडनच्या सरकारासाठी शाळांची पुस्तके लिहिली. हे काम त्यांच्या आवडीचे नव्हते. एक आशा मनात होती म्हणून त्यांनी ते केले : युद्ध संपेल, तहाच्या मेजावर स्वीडन आपला शब्द टाकील, आणि निर्वासितांना घरी जाण्याची मुभा मिळेल.

१६४८ साली वेस्टफालियाचा तह झाला. जर्मनीतील प्रॉटेस्टंटांना त्यात संरक्षण मिळाले. बोहेमिया व मोराव्हिया बादशहाच्या खास मुलखात मोडत असल्यामुळे तेथील निर्वासितांसाठी त्यात काही नव्हते. वीस वर्षे ज्या दाराकडे डोळे लावले होते ते कायमचे बंद झाले. त्याच वर्षी मारिया दोरोताही वारली. आणि त्याच वर्षी कमेनियस आपल्या विखुरलेल्या मंडळीचे प्रमुख बिशप झाले.

येथे त्यांनी जे केले त्यासाठीच मी हे चरित्र लिहावयास घेतले. १६५० साली त्यांनी एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात बंधुमंडळी ही मरणशय्येवरील आई आहे आणि ती मृत्युपत्र करीत आहे. पैसा, जमीन, देवळे काहीच नाही. मग ती काय वाटणार? लेकरांना ती सांगते, जेथे सुवार्तेचा शुद्ध उपदेश होत असेल त्या मंडळीत जा, माझ्यासाठी रडत बसू नका. स्वतःच्या पोटची जी मुले तिला सोडून परत फिरली त्यांनाही ती विसरत नाही. मग ती शेजारच्या मंडळ्यांकडे वळते. जर्मन लूथरन मंडळीला ती आपली मंडळीतील शिस्त देऊ करते, स्विस मंडळीला साधेपणाची आवड. आणि चेक व मोराव्हियन लोकांना, ज्यांतील बहुतेक आता निराळ्या देवळात जात होते त्यांना, ती देवाच्या सत्याची आवड, पवित्र शास्त्र आणि शुद्ध मातृभाषा ठेवून जाते. ज्या रोमन मंडळीच्या नावाने हा सारा छळ झाला तिच्यासाठीही मृत्युपत्रात कलम आहे : तिला पश्चात्तापाची बुद्धी होवो अशी इच्छा. शब्द कडक आहेत, पण तिला वगळलेले नाही. आपली मंडळी टिकलीच पाहिजे असा हट्ट धरणारे पुढारी आपण पुष्कळ पाहतो, आणि मालमत्तेपायी कोर्टाच्या पायऱ्या झिजविणाऱ्या मंडळ्याही आपल्याला ठाऊक आहेत. आपली मंडळी संपत आहे हे उघड्या डोळ्यांनी पाहून तिच्या पदरचे इतरांना वाटून टाकणारा बिशप विरळा.

त्यानंतर चार वर्षे ते हंगेरीत शारोशपातक येथील शाळेची सुधारणा करीत होते. चित्रांचे पुस्तक तेथेच तयार झाले. पण गावात लाकडावर चित्रे कोरणारा कारागीर मिळेना, म्हणून हस्तलिखित नुरेंबर्गला गेले आणि छापून यावयास १६५८ साल उजाडले. त्यात दीडशे पाठ आहेत. प्रत्येक पाठाला एक चित्र, चित्रातील वस्तूंना आकडे, आणि तेच आकडे घालून खाली लॅटिन व मातृभाषेतील वाक्ये. आरंभी मुळाक्षरे आहेत, पण प्राण्यांच्या आवाजांवरून : कावळा, कोकरू, असे. मग देव, आकाश, अग्नी, झाडे, भाकरी भाजणे, कापड विणणे, मधमाश्या. शेवटचा पाठ अंतिम न्यायाचा. त्याच्या थोडे आधी धर्मांवरील पाठ आहेत, आणि तेथे वाचकाने जरा थांबावे. मूर्तिपूजकांचा एक पाठ, यहूद्यांचा एक, ख्रिस्ती धर्माचा एक, महंमदाच्या धर्माचा एक; प्रत्येकाला चित्र आहे. ख्रिस्ती धर्मच खरा ह्याविषयी कमेनियस ह्यांच्या मनात किंचितही शंका नव्हती आणि पुस्तकातही ती नाही. पण शेजारी निराळ्या रीतीने प्रार्थना करतो ही गोष्ट मुलापासून लपवावी असे त्यांना वाटले नाही. एकच धर्म असल्याचा कायदा ज्या देशाने केला त्या देशाचा हा निर्वासित होता.

त्यांच्या चुकाही सांगितल्या पाहिजेत, नाही तर चरित्र खोटे होईल. १६५५ साली स्वीडनचा राजा पोलंडवर चालून आला तेव्हा कमेनियस ह्यांनी त्याच्या स्तुतीपर लेख लिहिला. ज्या पोलंडने सत्तावीस वर्षे आसरा दिला त्याच्या शत्रूचे हे स्वागत होते. १६५६ च्या एप्रिलमध्ये पोलिश सैन्याने लेश्नो जाळले. त्यांचे घर, ग्रंथसंग्रह आणि चव्वेचाळीस वर्षे जमविलेल्या चेक शब्दकोशाची हस्तलिखिते राख झाली. त्या कोशाचे दुःख मरेपर्यंत गेले नाही, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. दुसरी चूक ह्याहून मोठी म्हणता येईल. मिकुलाश द्राबीक हा त्यांचा बालपणचा सोबती, मंडळीचा पदच्युत पाळक, स्वतःला संदेष्टा म्हणवीत असे. हाब्सबुर्ग घराणे लवकरच पडेल असे भविष्य तो सांगे. कमेनियस ह्यांनी ती भविष्ये १६५७ साली छापली. ती खरी ठरली नाहीत, विद्वानांनी त्यांची थट्टा केली, आणि पुढे १६७१ साली द्राबीकला ब्रातिस्लाव्हा येथे देहदंड झाला. घरी जाण्याची ओढ माणसाला किती भोळे बनविते ह्याचे हे उदाहरण आहे. मला त्यात ढोंग दिसत नाही, दुःख दिसते.

लेश्नो जळाल्यावर आम्स्टरडॅम येथील दे खेर ह्या धनाढ्य कुटुंबाने त्यांना ठेवून घेतले. शेवटची चौदा वर्षे त्यांनी तेथे काढली. सर्व मानवी व्यवहार सुधारण्यासाठी सर्व राष्ट्रांनी, सर्व पंथांनी एकत्र बसून विचार करावा अशी एक सात भागांची योजना ते लिहीत होते. ती अपुरी राहिली. तिची हस्तलिखिते हाले शहरातील अनाथाश्रमाच्या ग्रंथालयात पडून होती, ती १९३० नंतरच्या दशकात सापडली आणि १९६६ साली प्राग येथे छापली गेली. तुर्की भाषेत पवित्र शास्त्राचे भाषांतर व्हावे म्हणूनही त्यांनी खटपट केली आणि त्यासाठी पैसा मिळवून दिला. १५ नोव्हेंबर १६७० रोजी ते प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. आम्स्टरडॅमजवळच्या नार्देन गावी, फ्रेंच बोलणाऱ्या निर्वासितांच्या लहानशा देवळात त्यांना मूठमाती देण्यात आली.

मरणारी आई मेली नाही, हे त्यांना पाहावयास मिळाले नाही. मोराव्हियातील डोंगराळ खेड्यांत लोक वरून कॅथलिक उपासनेला जात आणि रात्री दारे लावून क्रालित्सेचे पवित्र शास्त्र वाचीत. १७२२ पासून फुल्नेकच्या आसपासच्या खेड्यांतील काही कुटुंबे रात्रीच्या अंधारात निघून जर्मनीत काउंट त्सिन्त्सेनदोर्फ ह्यांच्या जमिनीवर गेली आणि त्यांनी हेर्नहूट गाव वसविले. ही कमेनियस ह्यांच्या पहिल्या मंडळीच्या शेजारची माणसे. त्यांच्यातला सुतार दाविद नित्शमान १७३२ साली वेस्ट इंडीजच्या गुलामांकडे मिशनरी म्हणून गेला. १७३५ साली बर्लिनमध्ये त्याच्यावर हात ठेवून त्याला बिशप करणारे दानिएल यब्लोन्स्की हे कमेनियस ह्यांच्या मुलीचे चिरंजीव होत. आजोबांनी जपलेली दीक्षा नातवाच्या हातून पुढे गेली. मोराव्हियन मिशनचे वृत्तान्त वाचूनच विल्यम केरी ह्यांना स्फूर्ती मिळाली, आणि श्रीरामपूरहून केरी साहेबांनी मराठीतही शास्त्रवचने छापली, हे वाचकांस ठाऊक आहेच. लडाखमध्ये लेह येथे १८८५ पासून ह्याच मंडळीचे काम आहे.

मायदेशात बादशहा दुसऱ्या योसेफाने १३ ऑक्टोबर १७८१ रोजी सहिष्णुतेचा हुकूम काढला. प्रॉटेस्टंटांपैकी लूथरन व रिफॉर्म्ड ह्या दोनच पंथांना परवानगी मिळाली, बंधुमंडळीचे नावही त्यात नव्हते. शंभर कुटुंबे जमली तर देवळ बांधावे, पण त्याला मनोरा नको, घंटा नको, रस्त्याकडे दार नको. तरी सत्तर हजारांवर माणसांनी पुढे येऊन आपली नावे नोंदविली. दीडशे वर्षे ज्यांचे अस्तित्व कागदावर नव्हते ती ही माणसे. पण ती ठरावीक टापूंतच होती : पूर्व मोराव्हियाच्या डोंगरांत, बोहेमिया-मोराव्हियाच्या मधल्या पठारावर, एल्ब नदीच्या काठी. सायलेशियातील त्येशीन भागाची गोष्ट वेगळी. तेथे स्वीडनच्या राजाच्या दडपणामुळे १७०९ सालीच लूथरन लोकांना एक देवळ बांधू द्यावे लागले होते, आणि त्यामुळे त्या कोपऱ्यात लूथरन मंडळी आजपर्यंत सबळ आहे.

१९१८ साली हाब्सबुर्ग राज्य कोसळले. त्याच वर्षी लूथरन व रिफॉर्म्ड चेक मंडळ्या एक होऊन चेक बंधूंची सुवार्तिक मंडळी झाली, आणि १९२० साली कॅथलिकांतून फुटून चेकोस्लोव्हाक मंडळी निघाली. तिच्याकडे वर्षभरात पाच लाखांवर लोक गेले. पण बोहेमियात पुष्कळ लोक एक देवळ सोडून दुसऱ्यात गेले नाहीत. ते कोठेच गेले नाहीत. हुकुमाने आलेला धर्म हुकूम संपताच सुटला, असा ह्याचा अर्थ मी लावतो. सर्व इतिहासकार तो मान्य करतीलच असे नाही. त्यानंतर नाझींनी बोहेमिया-मोराव्हियातील सुमारे ऐंशी हजार यहूद्यांचा संहार केला. मिकुलोवची जुनी वस्तीही त्यात संपली. युद्धानंतर सरहद्दीवरील सुमारे तीस लाख जर्मनांना हाकलण्यात आले. त्यांची देवळे ओस पडली, आणि त्यांच्या घरांत आलेल्या नव्या लोकांची तेथे ना कबर होती ना वेदी.

कम्युनिस्ट सरकारने १९५० च्या एप्रिलमध्ये एका रात्रीत मठ बंद केले आणि पाळकांना सरकारी परवान्याशिवाय उपदेश करण्यास मनाई केली. कमेनियस मात्र त्यांना हवे होते. त्यांच्या जन्मदिवशी, २८ मार्चला, शिक्षक दिन पाळण्याची प्रथा त्याच काळात पडली. शाळाशाळांत त्यांची तसबीर लागली. ते बिशप होते हे सांगण्याचे टाळले जाई. प्राग येथील प्रॉटेस्टंट पाळकांच्या विद्यालयाला तेवढे त्यांचे नाव होते, आणि तेथे शिकणाऱ्यांना ते कोण हे ठाऊक होते.

१९८९ नंतर मंडळ्यांना मोकळीक मिळाली. १९९१ च्या खानेसुमारीत शेकडा ३९ लोकांनी स्वतःस कॅथलिक म्हटले आणि जवळजवळ तितक्यांनीच धर्म नाही असे लिहिले. चेक बंधूंच्या मंडळीत तेव्हा दोन लाखांवर नावे होती. २०२१ साली ती साडेबत्तीस हजारांच्या आसपास आली. हा प्रश्न ऐच्छिक झाल्यामुळे हल्ली पुष्कळ जण तो रिकामाच सोडतात, तेव्हा आकडे जपून वाचावेत. तरी प्रदेशांतील फरक स्पष्ट आहे. सर्वांत कमी श्रद्धाळू म्हणवून घेणारे लोक उत्तरेकडील उस्ती प्रांतात आहेत, जेथून जर्मन गेले. त्याच प्रांतातील वार्न्सडोर्फ गावी व्हिएतनामहून आलेल्या लोकांनी बौद्ध पॅगोडा बांधला आहे. सर्वांत अधिक श्रद्धाळू झ्लीन प्रांतात आहेत, म्हणजे कमेनियस ह्यांच्या जन्मभूमीत. रविवारी तेथील देवळे भरतात. ती बहुतेक कॅथलिकांची आहेत, आणि प्रॉटेस्टंट जुन्या डोंगरी गावांतून थोडे आहेत. उहेर्स्की ब्रोद येथे कमेनियस ह्यांच्या नावाचे संग्रहालय आहे.

२०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा चार लाखांवर निर्वासितांना त्या वर्षी चेक देशाने आसरा दिला. त्यांत ऑर्थोडॉक्स होते, ग्रीक कॅथलिक होते, बॅप्टिस्ट होते. चेक बंधूंच्या मंडळीच्या सेवासंस्थेने त्यांना राहण्यास जागा, मुलांना शाळा आणि भाषेचे वर्ग मिळवून देण्याचे काम हाती घेतले.